कोल्हापूर: अंबाबाई, रंकाळा, मिसळ झालं; आता पुढचं सांगा

एस्टीची_खिडकी

नमस्कार मंडळी. शनिवारी, ३१ जानेवारीला दुपारी कोल्हापुरात उतरतोय. मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको असे चौघं. सोमवारी रात्री परतीची गाडी.

ही माझी चौथी खेप. आधीच्या तिन्ही खेपांना सगळे करतात तेच केलं: अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, सकाळी उद्यमनगरात फडतऱ्यांकडे रांग, न्यू पॅलेस, पन्हाळा, चप्पल लाइन आणि घर. या वेळी यादीबाहेरचं काहीतरी बघायचंय. मोबाइलवर शोधलं की 'कोल्हापुरातील १० प्रेक्षणीय स्थळे' एवढंच हाती लागतं, आणि त्यातलं दहावं स्थळ महाबळेश्वर असतं!

जेवणाचं तर विचारूच नका. मागच्या वेळी हायवेजवळच्या एका चकचकीत हॉटेलात 'अस्सल तांबडा-पांढरा' म्हणून जे आलं त्यात तांबडा रंगाचा होता आणि पांढऱ्याला कॉर्नफ्लॉवरची चव होती. नाव सांगत नाही, चूक आमचीच, बोर्ड बघून शिरलो. तेव्हा बोर्डावर 'अस्सल' न लिहिलेली ठिकाणं सांगा.

आणखी एक. संध्याकाळी जरा बसायला जागा हवी. मी आणि मेव्हणा घेतो, त्याची बायको एखादी बियर घेते, आमची ही फक्त चकणा संपवते. दोघींना अवघडल्यासारखं होणार नाही असं काही आहे का गावात?

चालायची तयारी आहे. तिखट झेपतं (असं वाटतं).

मंगळवारपेठी

'मिसळ झालं' म्हणजे काय ओ? एका ठिकाणची झाली. बावड्याची राहिली, खासबागेतली राहिली, चोरग्यांची राहिली. आणि पाव मागू नका, ब्रेड येतो त्याच्याबरोबर, तोच खायचा. बाकीचं जाणकार सांगतीलच. मी बसलोय हितंच.

पंचगंगाकाठ

राव, कोल्हापुरात लपलेल्या जागा फारशा नाहीत. गाव ते केवढं? बिंदू चौकातून चालायला लागलात तर अर्ध्या-पाऊण तासात रंकाळ्याला पोचाल. लपलेल्या आहेत त्या वेळा. पर्यटक सकाळी दहाला बाहेर पडतो आणि रात्री नऊला खोलीवर जातो. त्याला गाव दिसतं ते दुकानं उघडी असतानाचं.

खासबागेचंच घ्या. तुम्ही भेळ खायला तिथं गेलाच असाल. पण मैदानात शिरलात का? शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा रोमचं कलोसियम बघून आले, आणि तसं कुस्तीसाठी आपल्याकडं असावं म्हणून हे बांधून घेतलं. १९१२ साली ते पुरं झालं. मध्ये आखाडा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. कुस्त्यांचं मोठं मैदान भरलं असेल तर नशीब, पण रिकाम्या मैदानात सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसण्यातही मजा आहे. शेजारीच महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही शाळेच्या गॅदरिंगपासून तिथं वाढलेली माणसं, त्या रात्री गाव झोपलं नाही. असो.

कुस्ती खरी बघायची तर पहाटे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठलीही जुनी तालीम. पाच-साडेपाचला पोरं मातीत उतरतात. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, वास दारातच येतो. आधी वस्तादांना विचारा, पायताण बाहेर काढा, मारुतीला नमस्कार करा आणि भिंतीला टेकून गप्प उभे राहा. फोटो त्यांनी 'काढा' म्हटल्यावरच. बायकांना काही तालमींत आत घेत नाहीत, ते आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं.

आणि संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा. गवळी म्हैस घेऊन येतात, तुमच्यासमोर धार काढतात, फेसासकट पेला हातात. याच्यावर जास्त लिहीत नाही, बघाच.

आणखी एक, तुम्ही नेमके किरणोत्सवात येताय! अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीच्या पायापासून वर चढतात. ढग किंवा वाटेतलं एखादं बांधकाम आड आलं की कमी-जास्त होतं. दर्शनाची गडबड त्या वेळेला करू नका, चेंगराल. पण महाद्वार रोडला उभे राहून सगळं गाव सूर्याकडं घड्याळ लावून बघतंय, हे एकदा बघण्यासारखं आहे.

लक्ष्मीपुरीतला_बोका

बसायच्या जागेचं मी सांगतो, हा माझा विषय.

इथं दोन जाती आहेत. एक म्हणजे लक्ष्मीपुरी-स्टेशन रोडकडच्या जुन्या परमिट रूम. ट्यूबलाइट, सनमायक्याची टेबलं, टीव्हीवर म्यूट केलेली मॅच. संध्याकाळी साडेसातनंतर दुकानं बंद करून व्यापारी येतात, त्यांच्या जागा ठरलेल्या. इथलं मटण बहुतेक वेळा बाहेरच्या नावाजलेल्या हॉटेलापेक्षा सरस, कारण रोजचं गिऱ्हाईक, एक दिवस बिघडलं तरी वेटरला तोंडावर बोलणार. मेनूकार्ड मागू नका. 'आज सुकं कसलंय?' एवढं विचारा. वेटर डोळ्याला डोळा देऊन 'मस्त आहे' म्हणाला तर घ्या, इकडंतिकडं बघायला लागला तर अंडा बुर्जी सांगा. दुसरी जात म्हणजे ताराबाई पार्क, नागाळा पार्क बाजूची नवी, गच्चीवरची, पिवळ्या दिव्यांची. तिथं गाणी असतात, भाव दीडपट असतो आणि तांबड्याचं सूप करून बाऊलमध्ये देतात. चालायचंच.

चौघं आहात तर पहिल्या जातीतच 'फॅमिली सेक्शन' लिहिलेली बघा. नावं चव्हाट्यावर देत नाही, व्यक्तिगत निरोप करा.

काही वैधानिक इशारे. महाराष्ट्रात कडक दारूला वय २५ लागतं, बियरला २१, हे मेव्हण्याच्या बायकोला लागू नसावं. मतदान असलं की आधीचे ४८ तास कोरडे. आणि कोल्हापुरात आलोयच तर गोव्याला वाकडी वाट करून डिकी भरून आणू, असा विचार असेल तर सोडा. गोव्याची बाटली इकडं आणणं गुन्हा आहे, घाटाच्या रस्त्यांवर उत्पादन शुल्कवाले उभे असतात. माझ्या एका दोस्ताची गाडी आठ महिने पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभी होती.

माहेर_कसबा_बावडा

बोकोबा, 'फॅमिली सेक्शन' म्हणजे काय असतं ते बाईमाणसाला विचारा. जिन्याखाली प्लायवूडच्या खोक्यात बसवतात, वर पडदा. पंखा एकच, तोही दुसऱ्या खोक्यावर. मी नवऱ्याबरोबर एकदा गेले, अर्ध्या तासात उठून आले. ताई गच्चीवरच जावा. भाव दीडपट असू दे, वारा तरी येतो, आणि आजूबाजूला इतर बायका असतात.

जेवणाचं म्हणाल तर मटण खायचं असेल तर रविवारीच खा, सोमवारी नको. इथं बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. सोमवारी अर्धं गाव पाळतं, मग ताजा माल कमी. आणि मटण हा आमच्याकडं थट्टेचा विषय नाही बरं. २०१९ ला दर वाढले तर लोकांनी कृती समिती काढली, आंदोलन केलं. अशा गावात मटण बिघडवून खानावळ चालत नाही, चालते ती हायवेला.

खानावळ ओळखायची खूण: दारात दुचाक्या जास्त, चारचाक्या कमी. आत गेल्यावर 'मटण ताट' सांगायचं. सुकं, खिमा किंवा अळणी असं कायतरी वाटीत, दोन रस्से, भाकरी, दहीकांदा, शेवटी भात. पांढरा आधी प्यायचा, गरम असतानाच, भाताची वाट बघत ठेवायचा नाही. नारळाचं दूध आणि तीळ-काजू-खसखशीचं वाटण असतं त्यात, निवला की साय धरतो आणि चव जाते. तांबडा लागंल तेवढा मागून घ्यायचा, लाजायचं नाही.

गुपचूप_खाऊ

माझा मुद्दा कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. असे धागे काढू नका. आमच्या गल्लीत एक मावशी आप्पे करायची. सकाळी सात ते नऊ, दोन तवे, संपलं की बंद. कुणीतरी रील टाकली. आता तिथं रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या, मावशीनं दोन पोरं ठेवली, चटणी मिक्सरमधून पातळ झाली, आणि आम्ही पोहे खातो. कमी माहीत असलेली जागा तुम्ही विचारलीत त्या दिवशी ती कमी माहीत असलेली राहत नाही.

लक्ष्मीपुरीतला_बोका

म्हणूनच म्हटलं, व्यक्तिगत निरोप.

माहेर_कसबा_बावडा

मावशीला दोन पैसे जास्त मिळतात त्याचं काय? तिनं जन्मभर तुमच्यासाठी दोनच तव्यांवर राहायचं का?

गुपचूप_खाऊ

चटणी घट्ट ठेवून मिळवावेत, एवढंच.

जुनी_रिळं

कुणीच सिनेमाचं बोललं नाही म्हणून येतोय. मराठी सिनेमाचं हे माहेर, आणि पर्यटकाला त्याचा पत्ताच नसतो. खरी कॉर्नरला एक दगडी चौथरा आहे, त्यावर कॅमेरा. शंभरजण रोज त्याच्या बाजूनं गाडी वळवतात. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी त्या भागातली. त्यांनी १९१८ मध्ये स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला होता, कारण विलायती विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि लेथवर काम करायची अक्कल होती. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये 'प्रभात' काढली, तीही कोल्हापुरातच, पुण्याला गेली ती नंतर.

दुसरी जागा राजारामपुरी सातव्या गल्लीत. चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय. पडद्यावर शिवाजी महाराज साकारणारे चंद्रकांत चित्रकारही होते. त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघा. नुसती कोरडी पूड कागदावर घासून धुकं काढलंय. मी गेलो तेव्हा आत मी आणि पहारेकरी, दोघंच. त्यानं पंखा लावून दिला आणि 'हे बघितलं का' म्हणत एकेका चित्रापुढं नेलं.

टाऊन हॉलही सोडू नका. सीपीआर रुग्णालयाच्या शेजारी, १८७६ साली पुरी झालेली इमारत, न्यू पॅलेस बांधणाऱ्या मेजर मँटचीच. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडनची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, वीतभर उंचीचा. पंचगंगेच्या काठावर तो कसा आला याचा विचार करत मी तिथं तासभर काढलाय. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कुणा व्यापाऱ्याचे रोमशी व्यवहार होते, आणि आपण म्हणतो कोल्हापूर आडबाजूला आहे.

मंगळवारपेठी

रविवारी दुपारी शाहू स्टेडियमला जावा. सामना हाय का ते सकाळच्या पेपरात बघा. फुटबॉल म्हणजे आमच्याकडं पेठांचं प्रकरण. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, सगळी तालमीतनं निघालेली मंडळं. एक सूचना. कुठल्या बाजूला बसताय ते बघा, आणि गोल झाल्यावर कुणाकडं बघून टाळ्या वाजवायच्या ते शेजाऱ्याला आधी विचारा.

चिपाडाचं_ओझं

करवीर तालुक्यातला शेतकरी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत येताय आणि गुऱ्हाळ नाही म्हणजे काय? पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या रस्त्याला कुठंही धूर दिसला आणि गोड वास आला की थांबा. चुलवाणात चिपाड सारायचं काम चाललेलं असतं, वर काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उकळत असते. रानभेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढत राहायची. बाकी सगळा खेळ गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्याच्या हातात. तो रसाचा एक थेंब पाण्यात टाकून बोटांनी दाबून बघतो, आणि एकदम ओरडतो, मग चौघं काहील उचलून वाफ्यात ओततात. त्या दोन मिनिटांत मध्ये उभं राहू नका, भाजाल. गरम गूळ शेंगदाण्याबरोबर कुणीही देतं. काकवी मात्र बाटली घेऊन जावा, आमच्याकडं बाटल्या नसतात.

उसाला भाव काय मिळतो ते विचारू नका म्हणजे झालं, दिवस जाईल.

भाड्याची_सायकल

वाचनखूण साठवली. जाता जाता, गाडी आणणार असाल तर मंदिराभोवती फिरू नका, कुठंतरी लांब लावून चालत या. सोमवारी सीपीआर चौकात तर अजिबात नको. जुन्या न्यायालयाच्या इमारतीत २०२५ च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच भरतं, काळ्या कोटांची आणि चारचाक्यांची गर्दी असते. गावाबाहेर जायला वडाप (शेअर जीप) मिळतं, मात्र भरल्याशिवाय हलत नाही आणि 'भरली' याची ड्रायव्हरची व्याख्या वेगळी असते.

पंचगंगाकाठ

बिंदू चौकातून जाताना महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे बघा. १९५० मध्ये बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आणि बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती. वर मान करून बघितलं तरच दिसतो.

एस्टीची_खिडकी

आलो परत. सगळ्यांना दंडवत. वृत्तांत देतो, जमलं तेवढा.

शनिवारी किरणोत्सव. आम्ही महाद्वार रोडला उभे. एक आजोबा शेजारी, हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर. ते आत गेले नाहीत, मला म्हणाले, 'आत काय, घंटा वाजली की कळतं.' मग आतून घंटा आणि ओरडा ऐकू आला, आजोबांनी पिशवी दोन्ही हातांत धरून नमस्कार केला आणि निघून गेले. आम्हाला किरण दिसलं नाही. काही बिघडलं नाही.

त्यानंतर गंगावेस. खरं सांगतो, मला वाटलं होतं डेअरीसारखं काही असेल. रस्ताच तो! रिक्षा जातायत, भाजीवाले आहेत, आणि कडेला तीन म्हशी शांत उभ्या. गवळ्यानं कास धुतली, उकिडवा बसला, चरवी गुडघ्यांत धरली. पहिल्या दोन धारा टणटण वाजल्या, नंतर आवाज दबत गेला, कारण फेस चढला. पेला हातात आला तो कोमट. अंगाच्या उबेचा. मेव्हण्याच्या बायकोनं तोंड वाकडं केलं, तिला म्हैस आपल्याकडं बघत असल्यासारखं वाटत होतं. आमच्या हिनं दोन पेले रिचवले आणि ओठावर पांढऱ्या मिशा घेऊन तशीच बोलत राहिली. गवळी म्हणाला, 'मिशी पुसू नका ताई, त्याचेच पैसे हैत.' मेव्हण्याला रात्री जरा त्रास झाला, कच्चं दूध आहे, सोसत नसेल त्यांनी जपून.

तालमीत मी आणि मेव्हणा दोघंच गेलो, पहाटे. याच्यावर काही लिहीत नाही. वस्तादांनी निघताना थंडाई दिली आणि माझ्या पोटाकडं बघून 'उद्यापासून या' म्हणाले.

रविवारी दुपारी फुटबॉल. मंगळवारपेठी, तुमचं ऐकायला हवं होतं. पहिला गोल झाला, मी उत्साहात उठून टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला पन्नास माणसं बसलेली, सगळी शांत. एका काकांनी शेंगदाण्याची पुडी पुढं करत विचारलं, 'पाहुणं कुठलं?' पुण्याचं म्हटल्यावर म्हणाले, 'मग बरोबर.' पुडी मात्र मागं घेतली नाही.

रात्री मटण ताट, दुचाक्या मोजून शोधलेल्या खानावळीत. दारात चौदा दुचाक्या, एक कार, ती मालकाची. पांढरा आधी प्यायलो. आता हायवेच्या कॉर्नफ्लॉवरबद्दल कुणाला कसं समजवायचं तो प्रश्नच आहे. बसलो मात्र शनिवारी, गच्चीवर. बोकोबा, तुमची परमिट रूम पुढच्या वेळी, आम्ही दोघंच आल्यावर.

पोपट एकच झाला. टाऊन हॉल सोमवारी ठेवला होता, तो सोमवारी बंद असतो. कुणी लिहिलं कसं नाही? बाहेर तोफेला टेकून बसलो, शेवटी राजारामपुरीला जायचंही राहिलं. पोसायडन आणि मांडरे दोन्ही बाकी.

गुऱ्हाळात काकवीची बाटली घेऊन गेलो होतो. पिण्याच्या पाण्याची होती, त्यात गरम काकवी ओतल्यावर ती बाटली आकसून मुठीएवढी झाली. गुळव्या पोट धरून हसला.

जुनी_रिळं

सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे मी लिहायला हवं होतं. माफी.

चिपाडाचं_ओझं

काचेची. काचेची बाटली ओ.

गुपचूप_खाऊ

खानावळीचं नाव लिहिलं नाही याबद्दल आभार.

एस्टीची_खिडकी

एक शेवटचं. सुभाषनगरात कारागिराकडूनच हिच्यासाठी कापशी चप्पल घेतली. करकर झकास वाजते, पण अंगठ्याजवळ चावतेय. दोन पट्ट्या लावून झाल्या. काय करू?

माहेर_कसबा_बावडा

पट्टी चपलेला नको, पायाला नको. रात्री चपलेच्या अंगठ्याला आणि कानाला (बाजूच्या पट्ट्यांना) आतनं तेल चोळून ठेवा, खोबरेल चाललं. सकाळी पुसून घरात घालून फिरू दे त्यांना, चार-पाच दिवस. पाण्यात भिजवू नका आणि उन्हात वाळवू तर मुळीच नका, वाकडी हुती.

मंगळवारपेठी

आणि करकर गेली तर परत आणा, ती वाजवून देत्यात.